तुम्ही विचारलंत म्हणून: बुडत्या गाडी कंपनीला सरकारनं पैसे द्यावेत का?

पुण्याला गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत होतो हे रत्नागिरीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेलो तरी कोणीतरी विचारतंच की काय हो, इथे ट्रॉलरचे हप्ते थकले की बँक दारात आणि तिकडे अमेरिकेत गाडी कंपन्या बुडाल्या तर सरकारच पैसे देतं, हा कुठला न्याय?

माझं मत, पैसे द्यावेत. पण बुडवणाऱ्याचा हिशोब आधी.

द्यावेत का, तर गाडी कंपनी एकटी बुडत नाही. मोठ्या कंपनीचं पेमेंट अडकलं की पहिला छोटा व्हेंडर, म्हणजे पार्ट्स पुरवणारा, मरतो, आणि तोच व्हेंडर तिच्या स्पर्धकालाही माल देत असतो. म्हणूनच २००८ मध्ये फोर्डनं शेवटी तो बेलआउट, म्हणजे बुडत्या कंपनीला सरकारी पैसा, घेतला नाही तरी जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लरला द्या म्हणून तेही बाजू मांडत होते. फोर्डनं २००६ लाच सगळं तारण ठेवून कर्ज उचललेलं, तो निळा लोगोसुद्धा, म्हणजे मंगळसूत्रच गहाण टाकलं म्हणा ना!

आता साहेबांची तऱ्हा बघा. नोव्हेंबर २००८ ला तिन्ही कंपन्यांचे साहेब वॉशिंग्टनला मदत मागायला गेले ते खासगी विमानांनी, तिथे झापून घेतलं, मग डिसेंबरात गाडीनं आले. बुश सरकारनं जीएम-क्रायस्लरला १७.४ अब्ज डॉलर जाहीर केले. मार्च २००९ मध्ये ओबामा सरकारनं जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना जायला सांगितलं, १ जूनला कंपनी दिवाळखोरीत, जुन्या भागधारकांच्या शेअर्सची रद्दी झाली, कामगारांनी सवलती सोडल्या, आणि डिसेंबर २०१३ ला सरकारनं शेवटचे शेअर विकले तेव्हा एकट्या जीएममध्ये १० अब्ज डॉलरच्या वर गेलेलेच होते. वॅगनर पेन्शन घेऊन घरी. झाली शिक्षा.

मला खरा राग येतो तो पुढच्या प्रकरणाचा. २०१४ मध्ये बाहेर आलं की जीएमच्या काही गाड्यांचा इग्निशन स्विच इतका ढिला होता की धक्क्यानं किंवा जुडग्याच्या वजनानं चावी फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि नेमकी एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. भरपाई फंडानं १२४ मृत्यू मान्य केले. कंपनी आधी काय म्हणते, दिवाळखोरीच्या आधीचे दावे जुन्या कंपनीचे, दिवाळखोरीनंतरच्या नव्या कंपनीचे म्हणजे आमचे नाहीत! पंधरा जणांना नोकरीवरून काढलं, २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर भरून सरकारशी मिटवलं, आणि त्यात एकाही माणसावर गुन्हा नाही. दंड कोणी भरला, तर कंपनीनं, म्हणजे शेअरवाल्यांनी.

आपल्याकडे पतसंस्था बुडाली तर सहकार कायद्याचं कलम ८८ आहे, चौकशी होऊन संचालकांवर व्यक्तिशः जबाबदारी टाकता येते. वसुली किती रखडते ते ठेवीदारांना विचारा, पण निदान नोटिशीवर माणसाचं नाव असतं, आणि तो माणूस बाजारात तोंड चुकवत फिरतो. बेलआउटच्या करारात मला एवढंच हवंय, पैसे कंपनीच्या खात्यात टाका पण मागच्या पाच वर्षांचा बोनस परत घ्या, आणि वसूल होईपर्यंत साहेबाच्या बंगल्यावर बोजा चढवा.