रोजच मन नसतं

"मन नाही म्हणून परत निघालीस? अगं, मला तर रोजच मन नसतं." पर्वतीच्या पायथ्याशी भेटलेल्या आजी एवढं बोलून चढायलाही लागल्या.

रोजच! हा शब्द दिवसभर डोक्यातून जाईना. नेमाने येणाऱ्यांना उत्साह आपोआप येत असेल, असं आपण धरूनच चालतो.

मीही मागोमाग निघाले. १०३ पायऱ्या. "पहिल्या दहा-वीस पायऱ्या पाय कुरकुरतात, मग गप्प बसतात," त्या म्हणाल्या. अगदी तसंच झालं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ते बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं पहिल्या पाच मिनिटांपाशी, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

मन नसेल त्या सकाळी तुम्ही घराबाहेर कसे पडता? सांगा ना.