अधिकच्या चिन्हामागची खूण

गृहकर्जाचे व्याजदर पाहण्यासाठी मी एका संकेतस्थळावर ईमेल पत्ता दिला आणि आठवडाभरातच विमा, क्रेडिट कार्ड व भूखंडांच्या जाहिरातींचा ओघ सुरू झाला. पत्ता कोणी पुढे दिला हे मात्र सांगता येईना, कारण तोच एक पत्ता मी विजेच्या बिलापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिलेला होता.

जीमेलमध्ये आपल्या नावानंतर, पण ‘ॲट’च्या चिन्हाआधी, अधिकचे चिन्ह देऊन पुढे कोणताही शब्द रोमन लिपीत लिहिला, तरी टपाल मूळ खात्यातच येते, नवे खाते उघडावे लागत नाही की कोठे नोंद करावी लागत नाही. दोन रविवार बसून मी प्रत्येक ठिकाणी असा वेगळा शब्द, म्हणजे वेगळी खूण, जोडलेला पत्ता दिला. लॉगिन करताना खुणेसकट पूर्ण पत्ता लागतो, म्हणून प्रत्येक खूण पासवर्डांसोबत नोंदवून ठेवली.

अडचणी आल्याच. ईमेलच्या नियमांत हे चिन्ह वैध असूनही काही अर्जांनी पत्ता चुकीचा ठरवला. एका ठिकाणी नोंदणी झाली, पण सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा चालेना. वेबपत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकचे चिन्ह बहुधा मोकळी जागा म्हणून वाचले जाते, हे तेव्हा कळले. त्याऐवजी टक्क्याचे चिन्ह, २ आणि रोमन ‘बी’ लिहिल्यावर काम झाले.

चार महिन्यांनी एका शिकवणी वर्गाची जाहिरात आली, ती केवळ एका प्रवास आरक्षण सेवेला दिलेल्या खुणेवर. संशयाला जागाच उरली नाही. मी त्या सेवेला लेखी विचारणा केली, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही. लगेच फिल्टर लावला असता तर माझी तिकिटेही कचऱ्यात गेली असती, म्हणून आधी तेथील पत्त्याची खूण बदलली आणि मगच, जुना पत्ता ‘प्रति’ रकान्यात असलेले टपाल थेट काढून टाकण्याचा फिल्टर लावला.

अधिकच्या चिन्हापासूनचा भाग कोणीही खोडून मूळ पत्ता मिळवू शकतो, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. त्यामुळे बिनखुणेचा पत्ता मी केवळ घरच्यांसाठी व स्नेह्यांसाठी ठेवला असून, त्यावर अनोळखी प्रेषकाकडून आलेले टपाल वेगळ्या लेबलाखाली जाते. जिथे मुळीच भरवसा वाटत नाही, तिथे मी आता फायरफॉक्स रिले या सेवेचा पर्यायी पत्ता देते; त्यावर आलेले टपाल ती सेवा माझ्या मूळ पत्त्यावर पाठवते. त्यात माझे नाव किंवा मूळ पत्ता दिसत नाही आणि तो पत्ता केव्हाही बंद करता येतो.