बुडाला भार

स्वयंपाकघरातल्या माळ्याला शटर बसवायचं आमच्याकडे कोविडच्या आधीपासून चाललंय, ते गेल्या मंगळवारी दुपारी एकदाचं मुहूर्ताला आलं. कार्पेंटर शिडीवर चढला, शटर चौकटीला लावलं आणि तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. दोन सूत कमी. बंद केलं तरी झुरळाला सहकुटुंब आत जाता येईल एवढी फट.

"काकू, माप कुणी दिलं होतं?"

मीच दिलं होतं, शिवणाच्या डब्यातल्या टेपने मोजून. ती टेप आईची, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मपासून सगळ्यांची छाती-कंबर मोजून मोजून ताणली गेलेली, पण ते मला काय माहीत, इंच म्हणजे इंच. त्याने स्वतःची स्टीलची टेप तिच्या शेजारी लावून दाखवली आणि अजिबात न हसता म्हणाला, "ब्लाऊजला चालेल ही. शटरला नाही. पट्टी मारून देतो."

तो पट्टी कापायला बसला आणि मला वासा आठवलं.

वासा म्हणजे घराचा नव्हे, स्वीडनचं जहाज. मुलाकडे स्टॉकहोमला गेलो होतो तेव्हा बघितलं, तिथे जो जातो त्याला ते दाखवतातच, आपल्याकडे आलेल्याला कसं महालक्ष्मीला नेतात तसं. मुलगा म्हणाला आई एक बुडालेलं जहाज आहे ते बघू, मला वाटलं चार फळकुटं काचेत ठेवली असतील. आत गेले तर अंधारात समोर पाच-सहा मजली काळं लाकूड उभं. अख्खं. वर सिंह, राजे, जलपऱ्या, शेकड्यांनी कोरलेल्या मूर्ती. आणि या एवढ्या जहाजावर त्यांना सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्या, त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, आणि दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या. डच सुतार त्यांच्या फुटाने मोजतायत, स्वीडिश सुतार त्यांच्या. जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड निघाली म्हणे. त्यामुळेच बुडालं असं काही नाही, पण मला त्या पट्ट्या बघून का कोण जाणे फार आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं होतं. मंगळवारी कळलं का ते.

बाकी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. राजा दुसरा गुस्टाव अडोल्फ, पोलंडशी लढाई चाललेली, त्याला दोन मजले तोफांचं जहाज हवं होतं. 64 तोफा, त्यातल्या बहुतेक 24 पौंडी गोळ्याच्या. जहाज बांधणारा मुख्य डच कारागीर, हेन्रिक हिबर्टसन, काम अर्धवट असतानाच 1627 मध्ये वारला. 10 ऑगस्ट 1628, रविवार, संध्याकाळची वेळ, धक्क्यावर अख्खं गाव जमलेलं, वारा म्हणावा तर नावालाच. दहापैकी चार शिडं सोडली. सलामीच्या तोफा झाल्या. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, परत सावरलं. दुसरी आली, कललं, आणि खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. झालं. मोजून तेराशे मीटर गेलं होतं, म्हणजे आमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंत. आपल्याकडे म्हणतात घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, इथे घर शाबूत होतं, राजाचं घराणंच वासा, आणि वासा मात्र सगळ्यांदेखत फिरला.

हे सगळं तिथल्या पाटीवर वाचत होते आणि डोळ्यांसमोर आजोळची दोणी.

हर्णैच्या जवळ आमचं आजोळ. आगरात विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाटाचं पाणी पडायचं ती दगडी दोणी, शेवाळाने हिरवीगार. मे महिन्यात दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही पोरं तिथे. अर्धी करवंटी घ्यायची, आत चिखलाचा गोळा थापायचा, त्यात झाडूची हीर उभी करायची आणि हिरेला फणसाचं पान टोचायचं, झालं शिडाचं गलबत. माझं मावसभावापेक्षा भारी हवं म्हणून मी एकदा दोन हिरा लावल्या, चार पानं लावली, वर जास्वंदीचं फूल खोचलं. पाण्यात ठेवलं तेव्हा इतकं देखणं दिसत होतं की मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत करवंटी उताणी. फूल तेवढं तरंगत राहिलं.

मामा मागे उभा होता, उघडाबंब, खांद्यावर पंचा, झोपेतून उठून पाणी काढायला आलेला. त्याने करवंटी उचलली, फूल माझ्या कानात खोचलं, तीन पानं काढून टाकली आणि तळाशी दोन खडे दाबून बसवले.

"अगो, बुडाला भार दे. नाहीतर बुडालाच!"

स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की आतून आजीने ओरडून विचारलं काय झालं. पुढे आयुष्यभर त्याने हे वाक्य वापरलं. जेवताना नुसतीच भजी खाणाऱ्याला, हुंडीत पैसे न टाकता देवाला लांबलचक मागणं मागणाऱ्याला, मी आर्ट्सला जाते म्हणाले तेव्हा मला.

वासाच्या बुडाला भार होता तसा. 120 टन दगड. पण वर दोन मजले तोफा, त्याच्यावर ते सिंह आणि राजे, आणि अजून दगड घालायला खाली जागाच नाही, आणि घातले असते तरी जहाज इतकं खाली बसलं असतं की खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्यालाच टेकल्या असत्या. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे हे त्यांना कळलं होतं. निघायच्या आधी धक्क्यावरच 30 माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, जहाज किती डुलतं ते बघायला. एकदा पळाले, दोनदा पळाले, तिसऱ्यांदा जहाज इतकं डुललं की ॲडमिरल फ्लेमिंग म्हणाला बास, थांबा. थांबले. आणि जहाज न्यायचं ठरलंच होतं, ते नेलं.

यावर मॅनेजमेंटवाले फार प्रेमाने लेक्चर देतात, बॉसला नाही म्हणायला शिका वगैरे. माझ्या भाच्याच्या ऑफिसात झालंय म्हणे असं एक. मला तसं काही वाटत नाही. मला आपलं त्या तीस माणसांच्या जागी आमच्या सोसायटीतले लोक दिसतात, लिफ्ट डचमळते का बघायला आठ जण आत उड्या मारतायत, मग सेक्रेटरी म्हणतो पुरे पुरे, आणि सगळे त्याच लिफ्टने घरी जातात. चौकशी झाली तेव्हा कॅप्टनने शपथेवर सांगितलं की तोफा नीट बांधलेल्या नसतील तर माझे हजार तुकडे करा. सगळे शुद्धीत होते, कुणी प्यालेलं नव्हतं. चूक कुणाची विचारलं तर देवालाच ठाऊक. कारागीर वर गेलेला, त्याला बोलावणार कसं? कुणालाच शिक्षा झाली नाही.

असो. शिडी, भुसा, आणि हॉलभर पसरलेला माळा. शटर बसायचं म्हणून माळा रिकामा केला होता ना. पितळी घंगाळ, मोदकपात्र दोन (दोन कशाला?), गणपतीची मखरं, मुलाची क्रिकेटची पॅडं, एका मिक्सरची भांडी जो मिक्सर आता नाही, आणि सुतळीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं. वर धूळ इतकी की आधी मला ते करड्या रंगाचंच वाटलं. सोडलं तर आत लेमन सेट.

लेमन सेट काय असतो हे ज्यांना सांगावं लागेल त्यांनी आपल्या आईला विचारा. उंच जग, सहा ग्लास, वर पिवळी फुलं आणि सोनेरी कड. कड जशीच्या तशी! आमच्या घरातले रोजचे ग्लास किती आले आणि किती गेले याचा हिशोब नाही, त्यातल्या एकाचीही आठवण कुणाला नाही, आणि हा मात्र पन्नासहून जास्त वर्षं पेंढ्यात नवाकोरा.

वासाचंही हेच की. जो सगळ्यात आधी बुडाला तोच उरला. तिथल्या समुद्राचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा किडा त्यात जगत नाही, आपल्या समुद्रात असतं तर काही वर्षांत पिठासारखं झालं असतं. 333 वर्षं 32 मीटर खाली बसून राहिलं, 1961 मध्ये वर काढलं, मग लाकूड सुकून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्याच्यावर औषधाचे फवारे मारले. सतरा वर्षं! आणि न उघडलेली सहा शिडं घडी करून ठेवली होती ती तशीच सापडली, घडीतच. मला त्या तोफा-बिफांपेक्षा या सहा शिडांचं फार वाटलं. त्यांना कधी वाराच लागला नाही. त्याच घाटात बांधलेलं वासाचं एक भावंड होतं, एप्लेट, म्हणजे सफरचंद, ते जरा रुंद केलं आणि त्याने बिचाऱ्याने तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, मग 1659 मध्ये खाडीचं तोंड अडवायला मुद्दाम बुडवून टाकलं. ते कुठे आहे हे आत्ता 2022 मध्ये नक्की कळलं. त्याला बघायला रांग नाही.

मी ग्लास मोजले. पाच.

"आई, एक ग्लास कमी आहे गं."

आई आतल्या खोलीत पडून रेडिओ ऐकत होती. "कमी नाही, फुटला," ती तिथूनच म्हणाली, आणि मग उठून आली, कारण ही गोष्ट पडून सांगण्यासारखी नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरचे पाहुणे आले होते, ती कोकम सरबत करायला गेली, हौसेने आपला नवा सेट काढला, ग्लास काठोकाठ भरले, ट्रे उचलला, स्वयंपाकघरातून निघाली आणि उंबऱ्यापाशी मधला ग्लास डुलला. सावरला. "मला वाटलं सावरला," आई म्हणाली. पुढच्या पावलाला तो कलंडला तो थेट आजेसासूबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर. कोकम! आजी एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी सेट खोक्यात भरला आणि खोकं माळ्यावर गेलं, ते त्या घरातून या घरात आलं तेही न उघडता.

"दिसायला छान आहेत," आईने एक ग्लास हातात धरून गोल फिरवला, "पण बूड बघ केवढंसं."

कार्पेंटर पट्टीला फेविकॉल लावता लावता म्हणाला, "उंचीला बेस पाहिजे आजी." म्हणजे त्यालाही माहीत.

खोक्याच्या आत एक चिठ्ठी होती, शाईच्या पेनाने लिहिलेली, शाई तपकिरी झालेली. "प्रिय कमलला, तुझ्या शांताकडून." मला क्षणभर कळेना, कमल कोण. आईचं नाव सुनंदा. रेशनकार्डावर सुनंदा, बँकेत सुनंदा, बाबा हाक मारायचे ते सुनंदा, मी फॉर्मवर आईचं नाव लिहिते ते सुनंदा. कमल माहेरची. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात नवं नाव कोरलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. हे मला माहीत होतं की, आमच्याकडे सगळ्यांचंच व्हायचं. फक्त लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

वासावर साधारण तीस माणसं गेली. पहिलीच फेरी म्हणून खलाशांना बायकामुलं बरोबर न्यायची परवानगी होती. जे सांगाडे सापडले त्यांना म्युझियमवाल्यांनी एकेक अक्षर दिलं, अक्षरावरून नाव. त्यातल्या जी ला वर्षानुवर्षं गुस्टाव म्हणत होते. धडधाकट खलाशी असणार असं धरून चाललेले. मग डीएनए तपासला आणि 2023 मध्ये कळलं की ती बाई होती. आता तिला गर्ट्रूड म्हणतात, तिचा चेहरा परत घडवून तिथे मांडलाय, डोक्यावर टोपी, कपाळाला आठ्या. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते, मुलगा दोनदा बोलवायला आला. गुस्टावही तिचं नाव नव्हतं आणि गर्ट्रूडही नाही. तिचं जे असेल ते कुणीतरी त्या दिवशी धक्क्यावरून हाक मारून घेतलंही असेल.

"शांता कुठे असते गं?"

"गेली असेल," आई म्हणाली. चिठ्ठी तिने चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी कनवटीला असावी तशी मुठीत धरून बसली.

पट्टी लागली. फट गेली, पण शटर मधोमध थोडं फुगलंय, मला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. कार्पेंटर शिडीवरून उतरला, भुसा झटकला आणि पाणी मागितलं. मी स्टीलचं फुलपात्र घ्यायला वळले तर आई म्हणाली, "यातल्याच एकात दे त्याला. धुऊन घे."

मी ग्लास धुतला, माठातून पाणी घेतलं.

"अर्धाच भर," आई म्हणाली.