लग्नपत्रिकेच्या मागचे तेवीस आकडे

लातूरच्या मार्केट यार्डात आडतीच्या ओट्यावर बसलेल्या काकांच्या हातात एक जुनी लग्नपत्रिका होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बॉलपेनाने तेवीस आकडे एकाखाली एक लिहिले होते. सोयाबीनचा कट्टा काट्यावर चढला, की ते मान उंचावून डिस्प्ले बघायचे आणि आकडा टिपून घ्यायचे. माप संपल्यावर त्यांनी बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि मला म्हणाले, "ताई, माझं १,३७९ यायलंय. तुमच्या कागदावर १,३४८ कसंकाय?"

सौदा ४,२०० रुपये क्विंटलने झाला होता. म्हणजे ३१ किलोंचे तेराशे रुपये. २०२४ च्या त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. आधीच मार खाल्लेल्या माणसाचे आणखी तेराशे रुपये आमच्या सॉफ्टवेअरने कापले होते. त्यांनी ती पत्रिका खिशातून काढली नसती, तर ते कुणाला कळलंही नसतं.

मी छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. सात जणांची टीम, दोन आठवड्यांचे स्प्रिंट म्हणजे कामाचे टप्पे, भिंतीवर एका कामाला एक अशा कार्डांचा बोर्ड, रोज सव्वादहाला स्टँडअप म्हणजे उभ्या उभ्या होणारी छोटी बैठक. लातूरच्या एका आडत दुकानासाठी आम्ही मापाची आणि पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदाची, प्रणाली बनवत होतो. काट्यावरचं वजन वायरने थेट कॉम्प्युटरमध्ये यायचं, हमाली-तोलाई आपोआप लागायची आणि माप संपलं की पट्टी छापून निघायची. दसरा झाला की यार्डात आवक वाढते, म्हणून दसऱ्यानंतरचा मंगळवार, १५ ऑक्टोबर, सुरुवातीसाठी ठरला होता. आम्ही तिघं आदल्या दिवशीच बीड-अंबाजोगाईमार्गे लातूरला जाऊन राहिलो होतो: मी, आमची टेस्टर आणि काट्याच्या जोडणीचं काम केलेला औशाकडचा एक मुलगा. कॉलेज संपून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याचं नाव इथे देत नाही.

काकांचा प्रश्न ऐकून मापाडीमामांनी हात वर केला. "थांब रे, चढवू नको." पाठीवर कट्टा घेतलेला हमाल जिथल्या तिथे उभा राहिला. मामांनी आपली वही उघडली, कारण मशीन आलं तरी ते वहीत लिहीतच होते. वहीतली बेरीजही १,३७९ निघाली. "मॅडम, काटा बरोबर हाय. तुमचं मशीन कमी लिवायलंय."

त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, तो चुकीपेक्षा एका दृश्याने. आमचा मुलगा प्रिंटरपाशी उभा होता. त्याचा चेहरा दचकल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. ज्या गोष्टीची तो वाट बघत होता, ती अखेर घडली होती.

दुकानाच्या मालकांना मी लगेच बोलावलं. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यांचा एकही शब्द अवाजवी नव्हता. सॉफ्टवेअर बंद केलं. सकाळपासून निघालेल्या चार पट्ट्या मामांच्या वहीशी ताडून पाहिल्या, तर चारही कमी. दोन शेतकरी यार्डातच चहाला थांबले होते. बाकीच्या दोघांना फोन केले आणि चौघांचाही फरक मालकांनी संध्याकाळच्या आत चुकता केला. त्या दोघांपैकी एक जण निलंग्याच्या एसटीत बसून निघालाही होता. फोनवर त्याला आधी वाटलं, आपल्याकडून काहीतरी परत मागताहेत. मला ते अजून लागतं.

मग मुलाला घेऊन मी यार्डाच्या फाटकाजवळच्या टपरीवर गेले. चहाचा ग्लास त्याने हातात नुसता धरून ठेवला होता, पीत नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, मला माहीत होतं."

काटा कॉम्प्युटरला एकच आकडा पाठवत नाही. सेकंदाला कितीतरी वेळा आकडे येत राहतात आणि प्रत्येक आकड्यासोबत एक खूण येते, वजन स्थिर झालंय की अजून हलतंय हे सांगणारी. आमचा कोड शून्यावरून वर गेलेलं पहिलं ठीकठाक वजन उचलायचा आणि खुणेकडे बघतच नव्हता. ऑफिसात आम्ही भाड्याने आणलेल्या काट्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवून तपासलं होतं. जार ठेवला, की गप बसतो. हमाल मात्र कट्टा पाठीवरून उतरवताना शेवटच्या क्षणापर्यंत त्याचा भार हाताने तोलून धरतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात काट्यावर ६० च्या जागी ५८ आणि काही असतं, आणि आमचा कोड तेवढ्यात वजन घेऊन मोकळा होत होता. कट्ट्यामागे सव्वा-दीड किलो जात होतं ते असं.

हे त्याला स्प्रिंटच्या चौथ्या दिवशीच दिसलं होतं. जार हाताने हळू उतरवताना त्याच्या स्क्रीनवर १७.६ उमटून गेलं होतं.

"मग स्टँडअपला का बोलला नाहीस?"

"बोलणार होतो. त्याच दिवशी तुम्ही म्हणालात, आता मला अडचणी सांगू नका, तोड सांगा. माझ्याकडे तोड नव्हती."

मी तसं म्हटलं होतं, आणि का म्हटलं तेही मला आठवतं. त्याच सकाळी मालकांचा फोन आला होता: पट्टीवर ओलाव्याचा रकाना पाहिजे, नाहीतर खरेदीदार वाद घालतात. मागणी रास्त होती. मी फोनवरच "हो, करून देऊ" म्हणाले आणि बोर्डावर एक कार्ड वाढवलं. एकही कार्ड काढलं नाही. त्यात नवरात्र सुरू झालं होतं. दोघे दोन दिवस तुळजापूरला जाणार हे मला घटस्थापनेच्या आधीपासून माहीत होतं, तरी त्यांचं काम मी पूर्ण हजेरी धरूनच आखलं होतं. सात माणसांचं काम पाच माणसांवर आणि वर एक नवं कार्ड. अशा वेळी वर्षभराचा अनुभव नसलेला मुलगा गप्प बसतो, तेव्हा ती गोष्ट मी त्याच्या स्वभावावर ढकलणार नाही.

आमचा स्टँडअप कसा चालायचा, तेही सांगते, कारण मला वाटतं, पुष्कळ ठिकाणी तो असाच चालतो. सगळे अर्धवर्तुळात उभे, मी मध्ये. प्रत्येक जण माझ्याकडे बघून सांगणार: काल हे केलं, आज ते करणार, अडचण नाही. त्या मुलाचं कार्ड सलग आठ दिवस "चालू"च्या रकान्यात होतं आणि आठही दिवस "अडचण नाही" होती. त्यातली विसंगती एकालाही खटकली नाही, कारण प्रत्येक जण स्वतःचं वाक्य मनात जुळवत उभा असायचा. स्क्रम म्हणजे स्प्रिंट-स्टँडअपची ही कामाची पद्धत. तिच्या मार्गदर्शिकेत ही पंधरा मिनिटं काम करणाऱ्यांनी आपसात दिवस आखण्यासाठी सांगितली आहेत, वरच्याला हजेरी देण्यासाठी नव्हे. ते तीन ठरावीक प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले आहेत. मी हे वाचलेलं होतं. वाचून मी मात्र मध्येच उभी राहत होते.

टपरीवरून परत आलो तेव्हा माप पुन्हा सुरू झालं होतं, वहीवर. मी मुलाला लॅपटॉप उघडायला लावलं नाही. आधी आम्ही तिघं काट्याजवळ उभं राहून अर्धा तास नुसतं बघत राहिलो. हमाल कट्टा कसा टेकवतो, हात कधी सोडतो, मामा आकडा कधी मोठ्याने उच्चारतात. मामा डिस्प्ले थरथरायचा थांबेपर्यंत गप्प असतात आणि मगच बोलतात, "साठ दोनशे." जी खूण आमच्या कोडने सोडून दिली होती, तिची वाट मामा डोळ्यांनी बघत होते. हे मी स्प्रिंट सुरू होण्याआधी, सप्टेंबरात एक चक्कर मारून बघायला हवं होतं. टीमने गिऱ्हाइकाच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहणं ही सहल नसते, आणि कितीही नेमकं लिहिलेलं कार्ड तिची जागा घेत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुरुस्तीला दीड तास लागला. इतक्या लवकर झाली, कारण प्रश्न त्याच्या डोक्यात दहा दिवस फिरत होता आणि काट्याजवळ उभं राहिल्यावर उत्तर दिसलं: स्थिरतेची खूण येईपर्यंत थांबायचं, आणि वजन शून्यावर जाऊन आल्याशिवाय पुढचा कट्टा धरायचा नाही. चारच्या सुमाराला हमालांना विनंती करून चाळीस कट्टे मोजले. चाळीसही आकडे मामांच्या वहीशी जुळले. मालक म्हणाले, मग करा की सुरू. मीच नको म्हटलं. पुढचा पूर्ण आठवडा वही खरी, मशीन सोबतीला. रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळल्या तरच पुढे जायचं. आठवडाभर पट्टी हाताने लिहावी लागली आणि मालकांची कुरकुर झाली, पण ते ऐकले.

परत आल्यावर रेट्रो, म्हणजे झालेल्या स्प्रिंटकडे मागे वळून बघायची बैठक, घेतला. मुलाच्या चुकीपासून सुरुवात करायची नाही हे मी ठरवलं होतं. चौथ्या दिवसाचं माझं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि विचारलं, यामुळे अजून कोण गप्प बसलं? आधी बराच वेळ शांतता. मग टेस्टर म्हणाली, "काटा फक्त दोन दिवस भाड्याने आणलाय, हे मला पुरणार नव्हतं. मी बोलले नाही." मग आणखी एक जण. त्या दिवशी सातांपैकी चौघांनी काही ना काही गिळलेलं बाहेर आलं.

स्टँडअपला आता माणसांची फेरी होत नाही, कार्डांची होते, आणि तीही उजवीकडून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून. एकच प्रश्न: हे कार्ड पुढे सरकायला काय पाहिजे? कार्ड एका रकान्यात जितके दिवस राहील, तितके ठिपके त्यावर पेनने द्यायचे. चौथा ठिपका पडला, की कुणीतरी दुसऱ्याने त्याच दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसायचं, विचारलं नसलं तरी. हे ठिपके आमच्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडले. माणसाला "मला येत नाही" म्हणावंच लागत नाही, कार्ड बोलतं. "चालू"मध्ये एका वेळी चारच्या वर कार्डं ठेवायची नाहीत, हेही ठरवलं. पहिला आठवडा फार जड गेला, कारण रिकामं बसलेल्याने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा असतो आणि तशी आम्हाला सवय नव्हती.

स्प्रिंटच्या मधे आलेल्या मागणीला मी आता फोनवर "हो" म्हणत नाही. "नक्की घेऊ, बदल्यात यातलं काय पुढे ढकलू ते तुम्ही सांगा," असं म्हणते. याची मला धास्ती होती, पण आडतीवरच्या माणसाला हा हिशोब पटायला वेळ लागत नाही. गाडीत किती कट्टे मावतात हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तारखेबाबतही तसंच. स्क्रमवाल्यांनी २०११ मध्येच टीम स्प्रिंटच्या कामाची हमी देते ही भाषा सोडून टीम अंदाज देते अशी भाषा घेतली. मालकांना मी आता महिन्याची एक तारीख देत नाही. "या आठवड्यात बहुतेक, पुढच्यात नक्की" असं सांगते आणि मधे काही अडलं तर त्याच दिवशी कळवते. स्प्रिंट आखताना तुळजापूर, येरमाळ्याची यात्रा, घरची लग्नं, पेरणी-काढणीला गावी जाणं, सगळं आधी कॅलेंडरवर लागतं. आमच्यातल्या चौघांच्या घरी शेती आहे. ती नसल्यासारखं काम आखलं, तर आखणी खोटीच पडणार.

"अडचणी सांगू नका, तोड सांगा" हे वाक्य मी माझ्या पहिल्या नोकरीत शिकले होते. तेव्हा ते मला करारी वाटलं होतं. आता कुणी ते म्हणताना ऐकलं की मला टपरीवरचा न प्यायलेला चहा आठवतो. ज्याच्याकडे तोड आहे, त्याला सांगायची घाई नसते. ज्याच्याकडे नाही, त्याचंच ऐकायचं असतं.

तुरीच्या हंगामाआधी त्या मुलाने बोर्डावर स्वतःहून एक कार्ड लावलं. पट्टीवर नुसती बेरीज छापायची नाही. प्रत्येक कट्ट्याचं वजन ओळीने छापायचं, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या टिपणाशी ताडून बघता येईल. कागद लांब होतो, प्रिंटरचा रोल लवकर संपतो, यावरून मालकांशी थोडी ओढाताण झाली. शेवटी ते मानले. कार्डाच्या तळाशी, काम पूर्ण कधी समजायचं त्या जागेत, त्याने लिहिलं होतं: "यार्डात, काट्याजवळ, भरलेल्या कट्ट्यावर तपासलं." जानेवारीत तो एकटाच लातूरला जाऊन ते तपासून आला. येताना मापाडीमामांच्या वहीच्या एका पानाचा फोटो आणि त्याच मापाची छापील पट्टी घेऊन आला. दोन्ही आमच्या बोर्डाच्या कडेला चिकटवलेले आहेत.