तुम्ही विचारलंत म्हणून: डिप्रेशनवर झाडपाल्याचं काही आहे का?

लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, परवा तर सोसायटीच्या जिन्यात. "मॅडम, तुम्ही फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवायचात ना? मग डिप्रेशनवर झाडपाल्यातलं काही सांगा की. त्या गोळ्या नकोत बाई."

मी सर्पगंधेपासून सुरुवात करते.

या मुळीचा वापर आपल्याकडे वेडावर पूर्वापार होता. 1931 साली सेन आणि बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि गोऱ्या डॉक्टरांचं लक्ष गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रिसर्पीन हे अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं नायट्रोजनयुक्त रसायन, वेगळं निघालं. रक्तदाब उतरू लागला. पण काही रुग्ण गोळी घेता घेता खिन्न होऊ लागले, काहींना जगणंच नकोसं झालं.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनसारखी रसायनं बारीक पिशव्यांत साठवतात. रिसर्पीन त्या भरूच देत नाही, मग उघड्यावर राहिलेला माल एन्झाइम फस्त करतात. उदासी म्हणजे या रसायनांची टंचाई, हा तर्क बराचसा इथूनच उभा राहिला. गंमत अशी की त्याच सुमारास, 1955 मध्ये, लंडनला चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रिसर्पीन देऊन पाहिलं, तर त्यांना चक्क बरं वाटलं! एकाच मुळीची ही दोन टोकं. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी मजा यायची.

अल्कलॉइडं झाडानं आपल्यासाठी केलेली नसतात. बहुतेक कडू असतात, किडामुंगी आणि गुराढोरांनी तोंड लावू नये म्हणून.

मग मिरीतलं पायपरीन, दारुहळदीतलं बर्बेरिन? उंदरांवर दोन्ही बरी दिसतात. उंदराला पाण्यात सोडायचं आणि तो हातपाय मारणं कधी थांबवतो ते मोजायचं, अशी ती चाचणी. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. त्यावरून शेजारच्या काकूंना काय द्यायचं ते ठरवायला माझी जीभ धजत नाही. शिवाय ही दोन्ही अल्कलॉइडं औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवतात. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीनं काही होत नाही, खुशाल घाला. पण अर्काच्या कॅप्सूल चालू गोळ्यांसोबत घेतल्या, तर रक्तातलं गोळीचं प्रमाण वाढू शकतं.

एवढं ऐकून जिन्यातल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काहीच नाही?"

मी विचारलं, "सध्या कुठली गोळी चालू आहे?"

"होती. गेल्या आठवड्यात मीच बंद केली. ही पावडर आणली ना."

मग सर्पगंधा राहिली बाजूला. पिशवी तिथेच पायरीवर ठेवली आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.