रॉबर्टची बाजू

रात्रीचे पावणेदोन. झोप उडालीच आहे, तर लिहून टाकते.

'के-पॅक्स' हा सिनेमा पुन्हा पाहिला. इयान सॉफ्टलीचा, 2001 सालचा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर काळा चष्मा लावलेला एक माणूस उगवतो, मी परग्रहावरून आलोय म्हणतो आणि मनोरुग्णालयात पोचतो. हा प्रोट, म्हणजे केव्हिन स्पेसी. समोर मनोविकारतज्ज्ञ डॉ. पॉवेल, म्हणजे जेफ ब्रिजेस. प्रोटचा ग्रह के-पॅक्स, हजार प्रकाशवर्षं दूर, स्वरमंडळ तारकासमूहात. तिथे दोन सूर्य आहेत.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी प्रोटचं वकीलपत्रच घेतलं होतं. त्याला अतिनील प्रकाश दिसतो, हा एक पुरावा. तज्ज्ञांनाही कोडं पडलेली के-पॅक्सची कक्षा तो त्यांच्यासमोर सहज काढून दाखवतो, हा दुसरा. तो परग्रहावरचाच असायला हवा होता. नसता तर मला राग आला असता. (2011 साली केप्लर दुर्बिणीला दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह खरंच सापडला, तोही स्वरमंडळाच्या शेजारी, हंस तारकासमूहात. तेव्हाची मी हे वाचून नाचलेच असते.)

आज मात्र नजर भलतीकडेच गेली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचं वाचू नये.

पॉवेल प्रोटच्या भूतकाळाचा शोध घेत न्यू मेक्सिकोपर्यंत जातो. तिथे रॉबर्ट पोर्टर नावाचा माणूस होता. कत्तलखान्यात कामाला. एक दिवस घरी आला तर बायको आणि मुलगी मारलेल्या, मारेकरी तिथेच. रॉबर्टने त्याची मान मोडली, बाहेरच्या स्प्रिंकलरच्या पाण्यात रक्त धुतलं आणि नदीत उडी घेतली.

हे कळल्यावर प्रोटचं सगळं बोलणं मनात पुन्हा उलगडत गेलं. के-पॅक्सवर लग्न नाही, कुटुंब नाही, मुलं सगळ्यांची मिळून वाढतात. मग बायको आणि मुलगी जाण्याचा प्रश्नच कुठे येतो? तिथे कायदेही नाहीत. म्हणजे गुन्हा नाही आणि गुन्हेगारही नाही. कत्तलखान्यातून आलेल्या माणसाला पृथ्वीवरचं सगळ्यात काय आवडावं, तर फळं. सालासकट केळं खातो तेव्हा मी त्या वेळीही हसले होते, आजही हसले, फक्त आज हसू जरा अडकलं. जे जे गेलं किंवा हातून घडलं, ते ते जिथे असूच शकत नाही असा ग्रह या माणसाने उभारलाय. पॉवेलच्या घरच्या बागेत स्प्रिंकलर सुरू होताच तो बिथरतो, कारण त्या पाण्यापुरती त्या ग्रहाला भोक पडलेलं आहे.

मग कक्षेच्या गणिताचं काय? ते या हिशेबात बसत नाही. इथे दिग्दर्शकाने दोन्ही दगडांवर पाय ठेवलाय, असं माझं मत. बेस नावाची रुग्ण शेवटी गायब होते, तेही त्यातलंच. आणि अखेरीस प्रोटच्या आवाजात जो उपदेश ऐकवतात, तो कापला असता तर बरं झालं असतं.

हे लिहिताना मनोविश्लेषक रॉबर्ट लिंडनर आठवले. त्यांच्या 1955 च्या 'द फिफ्टी-मिनिट अवर' या पुस्तकात अशीच एक खरी केस आहे. रुग्ण शास्त्रज्ञ, आणि एका दूरच्या विश्वावर आपलं राज्य आहे असं मानणारा. त्याने त्या विश्वाचे नकाशे काढलेले, इतिहास लिहिलेला. लिंडनरनी वाद घातला नाही, ते त्याच्यासोबत त्या विश्वात शिरले. शिरले ते इतके रमले, की तिथल्या चुका दुरुस्त करण्यातच त्यांचे दिवस जाऊ लागले. शेवटी रुग्णाने कबूल केलं: माझा त्यावरचा विश्वास काही आठवड्यांपूर्वीच उडाला, तुम्हाला गरज आहे असं वाटलं, म्हणून मी सोंग चालू ठेवलं.

वाचून मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज वाटतं, पहिल्या वेळी लिंडनरच्या खुर्चीत मीच बसले होते. वॉर्डातले सगळे रुग्णही तिथेच. प्रत्येकाला प्रोट हवा; कुणाला त्याच्यासोबत जायला, कुणाला नुसती आशा म्हणून. प्रोट 27 जुलैला परत जाणार म्हणतो, पॉवेलला तर त्याच्या आत उत्तर हवं, म्हणून तो संमोहनाची घाई करतो. रॉबर्ट कुणालाच नकोय.

प्रोट जातो आणि उरतो तो रॉबर्ट, दगडासारखा निश्चल. रुग्ण म्हणतात, हा प्रोट नाहीच. बरोबर आहे त्यांचं. नंतर पॉवेल व्हीलचेअरवरच्या रॉबर्टला इतरांची खुशाली सांगत राहतो, कोण बरं झालं, कोण घरी गेलं. इतका वेळ ज्याला शोधला, त्याच्याशी तो खरं तर आत्ता पहिल्यांदा बोलतोय. तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. पॉवेल काय बोलतोय ते तिसऱ्या वेळी ऐकलंच नाही, नुसती रॉबर्टकडे बघत बसले.