पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपला

घोडबंदर रोडवरच्या एका घरी माशांच्या टँकच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. काकांनी दाखवलेला नवा मासा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होता, रंग मळकट राखाडी. दुकानातून तो 'अगासिझी' या छोट्या शोभेच्या माशाच्या जातीचा म्हणून मिळाला होता आणि त्याच संध्याकाळी काका मादी आणायला निघाले होते. म्हटलं, "काका, आज थांबा. आधी हा कोण ते नक्की करू." दोन फुटी टँकमध्ये परजातीची मादी सोडली तर जोडी जमणं दूरच, नर तिला कोपऱ्यात कोंडून परांची लक्तरं करतो.

तो रॅम, म्हणजे तसाच दिसणारा दुसरा छोटा शोभेचा मासा, नव्हता, हे लगेच कळलं. रॅमच्या डोळ्यातून काळी पट्टी उभी खाली उतरते. इथे ती डोळ्यापासून तिरकी, कल्ल्याच्या खालच्या कडेकडे जात होती. म्हणजे एपिस्टोग्रामा, थोडक्यात एपिस्टो. अगासिझी ज्यात येतो तो छोट्या माशांचा गट.

पुढचं मात्र वाचताच येईना. पांढरी खडी, वर प्रखर एलईडी, लपायला जागा नाही. घाबरलेल्या एपिस्टोचा आडवा पट्टा फिका पडतो, तुटतो, अंगावर उभे डाग उमटतात. तशा अवस्थेत जात ठरवायला गेलं की हमखास चुकतं. दिवा बंद केला, मागच्या काचेला काळा कागद लावला, बदामाची चार वाळलेली पानं आणि फुटक्या कुंडीचा एक तुकडा आत ठेवला. अर्ध्या तासाने मासा पानाखालून बाहेर आला आणि पट्टा सलग दिसू लागला. मोबाईल काचेला समांतर धरून फ्लॅशशिवाय वीसेक फोटो काढले, त्यातला एकच अगदी बाजूने आला.

तो झूम केला. अगासिझीचा पट्टा शेपटीत शिरून थेट टोकापर्यंत जातो. याचा मुळाशीच संपला होता. पट्ट्याखाली, पोटाच्या बाजूला तीन बारीक गडद रेघा होत्या. तोंडही अंगाच्या मानाने मोठं. हा कॅकॅटुओइडीस, बाजारातला 'कॉकॅटू'. १९५१ मध्ये होडेमन यांनी हे नाव दिलं ते काकाकुवाच्या तुऱ्यावरून, पण पाठीच्या पराचे पुढचे काटे वाढून तो तुरा दिसतो मोठ्या नरातच. अगासिझीची भाल्यासारखी शेपटीही तशीच, वयात आलेल्या नराची. पिल्लात या दोन खुणा शोधून उपयोग नाही. शेपटीतला नारिंगी रंगही सोडून द्यावा. त्यावरून पैदाशीचा वाण कळतो, जात नाही.

नर की मादी, ते मी सांगितलं नाही. मोठ्या नराच्या धाकात वाढलेले लहान नर हुबेहूब मादीसारखे राहतात. पोटाखालच्या पराची काळी कड मादीकडे बोट दाखवते, पण एवढ्या पिल्लात त्यावर पैसे लावू नयेत.

मादीऐवजी त्याच लॉटमधली आणखी पाच पिल्लं आणायला सांगितली. पाणी २६ अंशांवर, स्पंज फिल्टर, खायला रोज थोडी आर्टेमियाची (बारीक खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं. नर ओळखू आले की एकच ठेवायचा, सोबत दोन माद्या आणि प्रत्येकीला अरुंद तोंडाची वेगळी गुहा. तोवर दर रविवारी सकाळी, दिवा लावायच्या आधी, त्याच काचेतून एक फोटो.